पहिला चीक कुणाच्या पोटात

बोरओढ्याच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा गजाबा होता. भोळे गावात आणखीही होते, पण ते कुठल्या ना कुठल्या पदावर होते, म्हणून त्यांना तसं म्हणायची पद्धत नव्हती. गजाबाला पद नव्हतं. त्यामुळे सगळ्या गावाचा भोळेपणा त्याच्या एकट्याच्या नावावर जमा होता.

त्याच्यात खोट अशी एकच होती. सांगितलेलं तो ऐकायचा. आणि ऐकलेलं विसरायचा नाही. एकदा त्याची बायको शेवंता बाजाराला निघताना म्हणाली, दारावर लक्ष ठेवा. तो दारासमोर मांडी घालून बसला. शेजारची शेळी आली, दारातून आत गेली, टोपलीतल्या भाकरी खाऊन दारातूनच बाहेर आली. शेवंता परत येऊन बघते तर टोपली रिकामी. गजाबा म्हणाला, "दार हाय तसं हाय. हाललं बी न्हाई."

शेवंता हसली आणि पीठ मळायला बसली. भाकरीचं काय, परत थापता येते. वासराचं तसं नसतं.

त्यांच्या गोठ्यात मोरी नावाची एकच गाय होती. मागच्या दोन्ही वेतांना तिला कालवड झाली आणि दोन्ही कालवडी हगवण लागून गेल्या. दुसरी गेली तेव्हा मोरी रिकाम्या खुंट्याकडं बघून हंबरत राहिली आणि शेवंताच्या घशाखाली घास उतरला नाही. आता मोरी म्हातारी झाली होती. पोटात होतं ते तिचं शेवटचं वेत. हे वासरू जगलं तर गोठा राहील, नाहीतर दावणच मोडायची, असं शेवंतानं मनाशी धरलं होतं.

आता त्या गावाची एक रीत सांगायला हवी. गाय व्याली की तिचा पहिला चीक अण्णांच्या घरी जायचा. अण्णा म्हणजे दूध संस्थेचे चेअरमन. त्यांना खरवस फार आवडायचा, तोही पहिल्या चिकाचा, घट्ट, वेलदोडा घातलेला. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच माहीत नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. वासरू मेलं तर ते नशीब, आणि खरवस चुकला तर तो अपमान. गावात वासरं बरीच मरत. अण्णांना त्याचं फार वाईट वाटे. खरवस खाताना ते हळहळत.

हळहळून हळहळून शेवटी त्यांनी एक मोहीम काढली. 'निरोगी वासरू, सुखी गोठा.' संस्थेच्या दारात मोठा फलक लागला. फलकावर अण्णा हात जोडून उभे होते आणि खाली कोपऱ्यात एक वासरू होतं. जागा कमी पडल्यामुळं वासराचा एक कान कापला गेला होता.

मोहिमेसाठी तालुक्याहून इंगवले नावाच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सभेत सांगितलं की वासरू जन्माला आलं की तासाभरात त्याच्या पोटात चीक गेलाच पाहिजे, ज्याला मिळत नाही ते पुढं साध्या हगवणीनंही मरतं. सगळ्यात जास्त टाळ्या अण्णांनी वाजवल्या. चीक आणि खरवस या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. बायकांच्या रांगेत बसलेल्या शेवंताच्या मात्र आलं. दोन्ही वेळचा चीक तिनं स्वतःच्या हातानं चरवीत घालून अण्णांकडं पोचवला होता.

मोरी व्यायला झाली तेव्हा शेवंतानं गजाबाला समोर बसवलं आणि सांगितलं, "मी रानात असले, नसले, तरी ध्यानात ठेवा. जन्मलं की पयला चीक जन्मलेल्याच्या पोटात. मागायला कुणी येऊ द्या, कुणाच्या बापाला द्यायचा न्हाई."

"कुणाच्या बापाला न्हाई," गजाबा म्हणाला.

आणि झालंही तसंच. शेवंता वैरण आणायला गेली होती आणि इकडं मोरी व्याली. कालवडच झाली, पांढरी, कपाळावर तांबडा टिळा. गजाबानं चीक काढला, बाटलीत भरला, कालवडीला पाजला. उरला तो झाकून ठेवला. तेवढ्यात अण्णांचा गडी चरवी घेऊन हजर. खरवसाचा वास अण्णांना गाय व्यायच्या आधीच येत असे. गडी म्हणाला, अण्णांनी चीक मागितलाय.

गजाबानं विचार केला. मग विचारलं, "अण्णा कुणाचं बाप हायत का?"

"हायत की. दोन पोरांचं."

"मग न्हाई देता यायचा," गजाबा म्हणाला.

गडी रिकामी चरवी घेऊन परत गेला. शेवंता आली, कालवडीचं भरलेलं पोट बघून तिला हायसं वाटलं. पण मग तिनं गड्याची हकिकत ऐकली. पाण्यात राहून माशाशी वैर करून कसं चालेल? दूध शेवटी अण्णांच्याच संस्थेत घालायचं होतं. दुसऱ्या दिवशी कालवडीला पोटभर पाजून उरलेला चीक तिनं किटलीत ओतला आणि गजाबाला अण्णांकडं धाडलं. जाता जाता वासराची बाटली ओढ्यावर धुऊन आणा, असंही सांगितलं.

गजाबा बाटली धुऊन, किटली घेऊन अण्णांच्या घरी सोप्यात शिरला. तिथं वेगळीच गडबड होती. अण्णांची सून त्याच सकाळी दवाखान्यातून बाळ घेऊन आली होती आणि अण्णांच्या आई, आक्का, नातवाच्या पोराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गजाबा थबकला. इथं तर कुणीतरी नवं जन्मलं होतं. त्यानं किटलीतला चीक बाटलीत ओतला, बाटलीला वासरानं चोखायचं बूच बसवलं आणि तो आक्कांच्या पुढ्यात गुडघे टेकून बसला. ते रबरी बूच बाळाच्या अख्ख्या तोंडाएवढं होतं.

आक्कांनी विचारलं, हे काय चाललंय. गजाबा म्हणाला, "पयला जन्मलेल्याच्या पोटात. तुमी मान वर धरा त्याची."

पुढं काय झालं ते त्यानं नीट सांगितलं नाही, पण घरी आला तेव्हा किटली चेपलेली होती. आक्कांनी मात्र त्याला एक शिकवण दिली होती, ती त्यानं जशीच्या तशी आणली. लहान जीव असला की लांबनं बघायचं. जवळ जायचं न्हाई, हात लावायचा न्हाई.

योग असा की कालवडीला बघायला डॉक्टरीणबाई त्याच वेळी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, आक्कांचं बरोबर आहे. वासरूसुद्धा रोज आधी लांबून बघावं. कान ताठ आहेत का, डोळे खोल गेलेत का, नाक गळतंय का. एकदम जवळ गेलं की ते बुजतं आणि काय होतंय ते कळत नाही. गजाबाला फार बरं वाटलं. दोन शहाणी माणसं एकच सांगत होती, म्हणजे त्यात चूक असणार नाही.

त्या दिवसापासून तो रोज लिंबाखाली उभा राहून कालवडीला लांबून बघू लागला. शेवंतानं तिचं नाव साखरी ठेवलं होतं. साखरी दिवसागणिक अवखळ होत चालली. एकदा उधळली, मोरीच्या पाण्याच्या हौदाला धडकली आणि तोल जाऊन आत पडली. हौद भरलेला. साखरी गळ्याइतक्या पाण्यात पाय झाडायला लागली. शेवंता परसात होती. तिनं पाण्याचा आवाज ऐकला आणि ओरडून विचारलं, काय झालं.

गजाबा लिंबाखालनं म्हणाला, "कान ताठ हायत. नाक पान्यात हाय, त्यामुळं गळतंय का न्हाई ते कळंना. डोळं मात्र खोल न्हाई गेलं. चांगलं मोठं झाल्यात."

शेवंता धावत आली ती थेट हौदात उतरली. कालवडीला कवटाळून तिनं बाहेर काढलं. दोघीही थरथरत होत्या. आयुष्यात प्रथमच ती नवऱ्यावर इतकी चिडली की तिला रडू फुटलं. पेंढ्यानं कालवडीचं अंग चोळता चोळता ती म्हणाली, "ओलं दिसलं की बघत उभं ऱ्हायचं नसतं वो. पयलं उचलायचं, पेंढ्यानं रगडायचं, पोत्यात गुंडाळायचं आन् उन्हात बसवायचं. ध्यानात ठेवा."

ध्यानात न ठेवायचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या सोमवारी सकाळी गजाबा पेंढ्याचा भारा आणि एक रिकामं पोतं घेऊन चालला होता. समोरून नागू गुरव आला. नागू दर सोमवारी ओढ्यात बुडी मारून ओलेत्यानं निघायचा, खांद्यावर कळशी घेऊन, वाटेत कुणाला शिवू न देता, आणि महादेवाला पाणी घालेपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. लहान पोरंसुद्धा त्याला बघून बाजूला व्हायची. गजाबानं बघितलं, माणूस नखशिखांत ओला आहे, दात वाजताहेत, पाणी निथळतंय. त्यानं भारा खाली टाकला आणि नागूला कळशीसकट उचललं.

नागूला बोलता येत नव्हतं, नेम होता. त्यानं नुसते हातपाय झाडले. गजाबाला वाटलं, साखरीनंही असेच झाडले होते. त्यानं नागूला खसाखसा रगडला, पोत्यात गुंडाळला आणि देवळाच्या पायरीवर उन्हात बसवला. बायका पाण्याला चालल्या होत्या, त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. नागूचा नेम मोडला. त्यानं जे काही मौन सोडलं ते देवळासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

हे प्रकरण मिटवायला डॉक्टरीणबाईंना यावं लागलं, कारण नागूचं म्हणणं होतं की ही असली शिकवण मोहिमेचेच लोक देताहेत. बाईंनी हसू दाबलं आणि गजाबाला बसवून अगदी सावकाश समजावलं. "गजाबा, असं दिसेल त्याला धरायचं नाही. आधी लक्षणं बघायची. कान पडलेत, नाक गळतंय, खोकतंय, आवाज निघत नाही, एका जागी बसून राहतंय, असं असेल तरच आजारी समजायचं. मग त्याला मीठ-गुळाचं पाणी पाजायचं आणि वेगळ्या कोपऱ्यात बांधायचं. खोकला थांबल्याशिवाय सोडायचं नाही. आणि जे निरोगी आहे त्याला त्याच्यापासून लांब, कोरड्या, सावलीच्या, वारा खेळेल अशा जागी ठेवायचं. समजलं?"

गजाबाला समजलं. बाईंना त्याचं समाधान वाटलं. त्या अजून नवीन होत्या.

इकडं मोहिमेला रंग चढला होता. जिल्ह्याहून एक मोठे साहेब गावातलं निरोगी वासरू बघायला येणार असं ठरलं. अण्णांनी निरोगी वासरू शोधायला माणसं पाठवली. ते काम सोपं नव्हतं. कुणाचं हगत होतं, कुणाचं खंगलं होतं, काही खुंटे रिकामेच होते. तुकतुकीत आणि उड्या मारणारं असं गावात एकच निघालं, ते साखरी. अण्णांना राग गिळावा लागला. शेवंताच्या गोठ्यापुढं मंडप पडला. गालिचा आला, पंखा आला, अण्णांच्या घरचा सोफा आला. सोफ्यावर अण्णा बसणार होते. वासराची काही वेगळी सोय केली नव्हती, ते गोठ्यातच बरं दिसेल असं ठरलं.

शेवंताला मात्र धास्ती होती. गर्दी, धूळ, हलगीचा दणका, त्यात कालवड बिचकली, आजारी पडली तर? जाताना तिनं गजाबाला बजावलं, साखरीला जपा, बाईंनी सांगितलंय तसंच करा. आणि ती ओवाळणीचं ताट घेऊन वेशीकडं गेली. सगळं गावच साहेबांना आणायला वेशीवर गेलं होतं. डॉक्टरीणबाईही तिकडंच होत्या. मंडपात राहिले दोघं, गजाबा आणि अण्णा.

अण्णा वेशीवर गेले नव्हते, कारण मोहिमेची भाषणं करून करून त्यांचा घसा बसला होता. वर सर्दी. वैद्यांनी त्यांना बोलायचं नाही असं निक्षून सांगितलं होतं. डोक्याला लोकरीची कानटोपी घालून, तिच्या दोन्ही पट्ट्या मोकळ्या सोडून ते सोफ्यावर मुकाट बसले होते.

गजाबा साखरीला बघायला लिंबाखाली उभा राहिला. साखरीचे कान ताठ होते, नाक गळत नव्हतं. मग त्याची नजर मंडपात गेली. त्यानं लांबूनच नीट बघितलं. कान पडलेले होते. दोन्ही. नाक गळत होतं. एकदा खोकला आला, मग परत आला. जीव हलत नव्हता, एका जागी बसून होता. खात्री करावी म्हणून गजाबा जवळ गेला आणि म्हणाला, "अण्णा, आवाज काढून दावा बरं."

अण्णांनी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

गजाबाला मनापासून वाईट वाटलं. त्यानं मीठ-गुळाचं पाणी कालवलं, वासराच्या बाटलीत भरलं, अण्णांची मान काखेत धरून वर केली आणि बाटली रिकामी होईपर्यंत सोडली नाही. बरंचसं पाणी अंगावर सांडलं. अण्णा ओले झाले. ओल्याचं काय करायचं तेही त्याला ठाऊक होतं. त्यानं त्यांना पेंढ्यानं रगडलं, पोत्यात गुंडाळलं आणि गोठ्यातल्या वेगळ्या कोपऱ्यात नेऊन दाव्यानं बांधलं. अंगापिंडानं तो रेड्यासारखा होता, आणि अण्णांना कष्टाची सवय राहिली नव्हती. त्यांचे डोळे तेवढे मोठे झाले होते. गजाबाला ते चांगलं लक्षण वाटलं.

आता निरोगी जीव लांब ठेवायला हवा होता. कोरडी, सावलीची, वारा खेळेल अशी जागा गजाबानं शोधली. सगळ्या गावात त्या दिवशी अशी एकच जागा होती. त्यानं साखरीला उचलून सोफ्यावर बसवलं आणि पंखा तिच्याकडं वळवला. साखरीला गादी आवडली. पाय पोटाशी घेऊन ती रवंथाची नक्कल करत बसली.

हलगी वाजत आली. पुढं साहेब, कानाला फोन, डोळ्याला काळा चष्मा. फोनवर जिल्ह्याचं काहीतरी निकडीचं चाललं होतं. मागं गर्दी, धूळ, फेट्याचे शेव. संस्थेच्या सचिवानं पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली होती आणि तो समोर न बघता म्हणाला, आता साहेबांनी आमच्या लाडक्या चेअरमनांना हार घालावा. साहेबांनी फोन न काढता एका हातानं हार घेतला आणि सोफ्यावर जी मान होती तिच्यात घातला. साखरीनं त्यांचा हात चाटला. साहेब फोनवरच्या माणसाला म्हणाले, माणसं फार प्रेमळ आहेत इकडची.

पुढच्या रांगेनं ते बघितलं आणि हलगी आपोआप थांबली. साखरी झेंडू खायला लागली होती. कुणाला काही सुचायच्या आत साहेबांनी फोन खिशात घातला आणि विचारलं, कुठं आहे ते वासरू? सवयीनं ते सरळ गोठ्यात शिरले. मागोमाग सगळे शिरले.

गोठ्यात अंधार, त्यात काळा चष्मा. कोपऱ्यात पोत्यात काहीतरी बांधलेलं होतं, कान पडलेलं, नाक गळणारं. साहेबांचा चेहरा पडला. वासरांतलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण वेशीवर उतरल्याबरोबर डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट त्यांच्याकडून घोकून घेतली होती, तेवढी पक्की होती. ते गंभीर होऊन म्हणाले, "याची अशी दशा का झाली? जन्मल्यावर याला चीक मिळाला नव्हता का?"

गजाबा पुढं झाला. साहेब एवढे विचारताहेत तर खरं सांगायला पाहिजे.

"ह्यास्नी?" तो म्हणाला. "सायेब, गावातल्या समद्या वासरांचा चीक ह्येच खात्यात."

मग हलगीवाल्याला हसू फुटलं, आणि त्याच्या मागनं एकेकाला. नागू गुरव तर दावणीला धरून हसला. साहेबांनी चष्मा काढला आणि लगेच परत घातला. शेवंता तेवढी हसली नाही. तिला त्या दोन कालवडी आठवल्या आणि हातातलं ताट तिनं खाली ठेवलं. इतकी वर्षं जे सगळ्यांना माहीत होतं आणि एकाच्याही तोंडातून निघालं नव्हतं, ते आज तिच्या नवऱ्यानं अण्णांच्या आणि साहेबांच्या तोंडावर सांगितलं होतं, तेही काय सांगितलं ते न कळता. पुढं त्या गावात खरवस फक्त उरलेल्या चिकाचा व्हायला लागला आणि वासरं जगायला लागली, पण ती नंतरची गोष्ट.

त्या घटकेला शेवंतानं डोळे पुसले आणि म्हणाली, "धनी, आता सोडा त्यास्नी."

"लगीच कसं सोडू?" गजाबा म्हणाला. "खोकला थांबल्याबिगर सोडायचं न्हाई, असं बाईंनीच सांगितलंय."

सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी ओठ घट्ट मिटले, श्वास रोखला, त्यांचा चेहरा तांबडालाल झाला. सगळा गोठा वाट बघत उभा राहिला.

मग अण्णा खोकले.